गरोदर आई, नवजात बाळ आणि पोषणाचा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात राहून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आणि तुर्भे, दिघा, रबाळ्याच्या वस्त्यांत बायांना योजनांचे अर्ज भरायला मदत करणारा आमचा एक छोटा गट आहे. बोलायला जातो तिथं लोक दोन टोकांचे प्रश्न विचारतात. शहरात कुणी आफ्रिकेतल्या कुपोषणाबद्दल विचारतं. पाड्यावर विचारतात, "मॅडम, माझे मातृवंदनाचे पैसे कुठं अडकले?" (मातृवंदना म्हणजे गरोदर बाईला सरकारकडून मिळणारी रोख मदत.) माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, म्हणून असेल, मला हे दोन्ही प्रश्न एकाच खातेवहीतले वाटतात. उत्तरांत आकडे जरा जास्त आहेत. कंटाळा आला तर थेट आपल्या प्रश्नावर जा.

पोषणाला वेगळा पैसा कशाला? बाई घरचंच खाते ना?

खाते, पण बहुतेक घरांत सगळ्यांची पानं उठल्यावर. गरोदरपणात तिला रोजच्यापेक्षा जास्त अन्न, प्रथिनं, लोह, कॅल्शियम लागतं आणि नेमकं त्याच काळात तिचं मजुरीचं काम सुटतं. म्हणजे गरज वाढते तेव्हा घरातली आवक कमी होते. ही फट भरायला लागतो तो पैसा: गोळ्या, एक वेळचं जेवण किंवा शिधा, बाईच्या हातात रोख रक्कम, घरी येणाऱ्या आशाताईचा मोबदला, वजनकाटा, दवाखान्यात कमी वजनाच्या बाळाची सोय, आणि हे सगळं नीट चाललंय का ते मोजणारी माणसं. गर्भधारणेपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतचे साधारण हजार दिवस यात सर्वांत मोलाचे धरतात, कारण या काळात खुंटलेली वाढ पुढं सहसा भरून निघत नाही.

गरीब देश म्हणजे कोणते? भारत त्यात येतो का?

जागतिक बँकेच्या वर्गवारीत दरडोई राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला साधारण ११०० डॉलरच्या आसपास किंवा त्याखाली असलेले देश 'कमी उत्पन्नाचे' ठरतात. मलावी, मादागास्कर, नायजर, बुरुंडी, मोझांबिक, सिएरा लिओन ही काही नावं. भारत त्यांच्या एक पायरी वर, निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे.

पण पायरी वर आहे म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती, २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी होती आणि ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. मुंबई-ठाणे ज्यात आहेत त्या, देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एकाचा हा आकडा आहे.

जगभरात हे नीट करायचं तर किती पैसा लागेल?

जागतिक बँकेने २०२४ साली काढलेला अंदाज असा: आज होतो त्या खर्चाच्या वर दरवर्षी आणखी सुमारे १३०० कोटी डॉलर, दहा वर्षांत मिळून १२,८०० कोटी. माणशी पाहिलं तर एका गरोदर स्त्रीमागे वर्षाला १३ डॉलर आणि पाच वर्षांखालच्या मुलामागे १७ डॉलर. आपल्या पैशात हजार ते दीड हजार रुपयांचा मामला. एवढ्याने दहा वर्षांत ६२ लाख बालमृत्यू आणि ९ लाख ८० हजार मृतजन्म टळतील असा त्यांचा हिशेब आहे.

याच अहवालात एका डॉलरमागे २३ डॉलरचा परतावा मिळतो असंही म्हटलंय. मी या आकड्याकडे जरा जपून बघते. चुकीचा आहे म्हणून नाही. हा परतावा पंधरा-वीस वर्षांनी, ते मूल शिकून कमवायला लागल्यावर येतो. तोवर आजचे अर्थमंत्री माजी झालेले असतात. म्हणून आकडा ऐकून सगळे माना डोलावतात आणि तरतूद करताना रस्ता, पूल आधी येतो.

आत्ता हा पैसा कोण देतं?

तीन खिसे आहेत. पहिला त्या घराचाच. अन्नावरचा मोठा खर्च तोच उचलतो. दुसरा त्या देशाच्या सरकारचा. तिसरा बाहेरच्या देणगीदारांचा, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे: श्रीमंत देश जी विकास मदत देतात तिच्यातला जेमतेम एक टक्का पोषणाकडे जातो.

या तिसऱ्या खिशाला जोडून काही यंत्रणा उभ्या राहिल्या. ग्लोबल फायनान्सिंग फॅसिलिटी आणि पॉवर ऑफ न्यूट्रिशन या दोन्ही २०१५ च्या. युनिसेफचा बाल पोषण निधीही आहे. त्याची एक पद्धत मला आवडते: एखाद्या देशाने स्वतःच्या तिजोरीतून पोषणाच्या मालासाठी पैसे काढले की तेवढेच पैसे निधी वर घालतो. यामुळे निदान त्या देशाच्या अंदाजपत्रकात पोषणाची एक ओळ तयार होते. एकदा ओळ आली की पुढच्या वर्षी ती पुसायला कारण द्यावं लागतं.

कर्ज काढून बायांना खायला घालायचं, हे शहाणपणाचं आहे का?

हा प्रश्न ज्येष्ठ नागरिक संघांत हमखास येतो. आपणही काढलंय. तमिळनाडूचा एकात्मिक पोषण प्रकल्प १९८० साली जागतिक बँकेच्या पैशावर सुरू झाला. २०१८ च्या पोषण अभियानासाठी भारताने २० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. मादागास्करमध्ये २०१७ पासून दहा वर्षांच्या कार्यक्रमाला बँकेने टप्प्याटप्प्याने २० कोटी डॉलर द्यायचं ठरवलं.

सर्वांत गरीब देशांना हा पैसा बँकेच्या आयडीए या शाखेतून मिळतो. मुदत तीस-चाळीस वर्षांची, व्याज नाममात्र. आणि जो देश आधीच कर्जात बुडालाय त्याला बराचसा भाग अनुदान म्हणून. भारत २०१४ साली या सवलतीच्या यादीतून बाहेर पडला. माझं मत विचाराल तर: कर्जातून कोठार, प्रशिक्षण, मोजणीची व्यवस्था उभी करावी. रोजचा शिधा मात्र स्वतःच्या महसुलातून यावा. कर्जाचा कार्यक्रम संपतो त्या दिवशी पाड्यावर कुणी तरी सहाव्या महिन्यात असतंच.

अमेरिकेने मदत थांबवली त्याचा काय परिणाम झाला?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड ही संस्था अधिकृतपणे बंद झाली. तीव्र कुपोषित मुलांना देतात ती शेंगदाण्याची तयार पेस्ट बनवणारे दोन मोठे कारखाने अमेरिकेतच, ऱ्होड आयलंड आणि जॉर्जियात आहेत. कंत्राटं रद्द झाली, मग काही परत चालू झाली. मधल्या काळात माल गोदामात आणि मूल दवाखान्याच्या दारात. ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं.

एक नुकसान कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. अनेक गरीब देशांत दर काही वर्षांनी होणारी लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं यूएसएडच्या पैशावर चालायची. तीही अडचणीत आली. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्याच कुळातलं, पण ते आपलं सरकार करतं. मोजणीच थांबली की पुढच्या अंदाजपत्रकात कुपोषण 'कमी झालेलं' दाखवायला कुणाची आडकाठी?

परिषदांत हजारो कोटी जाहीर होतात. ते जातात कुठं?

'न्यूट्रिशन फॉर ग्रोथ' या परिषदा २०१३ ला लंडनमध्ये, २०२१ ला टोकियोत आणि मार्च २०२५ मध्ये पॅरिसला झाल्या. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे २७०० कोटी डॉलरच्या वर आश्वासनं आली. आश्वासन आणि रक्कम जमा होणं यांत अंतर असतं. आकडा अनेक वर्षांचा मिळून असतो, त्यात कर्जही मोजलेलं असतं, देशांनी स्वतःच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेले पैसेही असतात. जुन्या लेखापालाची सवय म्हणा, मी अशी बातमी वाचली की विचारते: नवीन किती, कोणत्या वर्षी, आणि कोणत्या महिन्यात?

आपल्याकडे एका गरोदर बाईमागे सरकार रोज किती खर्च करतं?

अंगणवाडीच्या पूरक पोषण आहाराचा २०१७ साली ठरलेला दर: गरोदर आणि स्तनदा मातेसाठी दिवसाला ९ रुपये ५० पैसे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला ८ रुपये, अतितीव्र कुपोषित मुलाला १२. वर्षाचे ३०० दिवस. महाराष्ट्रासारख्या राज्यात निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे.

या साडेनऊ रुपयांत तिला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत असा नियम आहे. ठाणे स्टेशनबाहेर वडापाव पंधरा-वीस रुपयांना मिळतो. एका अंड्यालाच सहा-सात रुपये पडतात. मग उरलेल्या तीन रुपयांत डाळ, तेल, वाहतूक, पॅकिंग. पुरवठादार कुठं हात आखडता घेणार हे सांगायला हिशेबतपासनीस लागत नाही. धान्य आणि साखर वाढते, प्रथिन आटतं.

हा दर पुढं कित्येक वर्षं तसाच राहिला. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात तो 'योग्य प्रमाणात' वाढवू असं सांगितलं गेलं. त्या वर्षी सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० साठी २१,९६० कोटींची तरतूद होती आणि लाभार्थी ८ कोटी मुलं, १ कोटी माता. आकडा प्रचंड वाटतो. भागाकार करून बघा, मग वाटणार नाही. महागाईशी दर आपोआप जोडला जावा, ही आमची साधी मागणी आहे. महागाई भत्त्यासाठी सूत्र आहे, मग या साडेनऊ रुपयांसाठी का नाही?

टीएचआरची, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायच्या शिध्याची, पाकिटं गुरांना घालतात, हे खरं का?

काही ठिकाणी खरं आहे. ज्या पाकिटाला चव नाही, जे शिजवायला जळण लागतं आणि जे घरातल्या सहा जणांत वाटलं जातं, त्याचं दुसरं काय होणार? बायांना दोष देण्याआधी ते पाकीट एकदा स्वतः शिजवून खाऊन बघावं. आम्ही खाल्लंय.

अमृत आहार योजना वेगळी कशी? ती ठाणे जिल्ह्यात आहे का?

आहे, आदिवासी भागात, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः शहापूर-मुरबाडच्या बाजूला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची ही राज्य योजना २०१५ पासून चालू आहे. पाकिटाऐवजी गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. पुढं मुलांसाठीही अंडी-केळी आली. या भागाला आठवण लांबची आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीचे कुपोषणाचे बालमृत्यू झाले तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा झाला तो २०१४ ला.

माझ्या मते या योजनेतली सर्वांत हुशार गोष्ट स्वयंपाकात नाही, खात्यात आहे. पैसा कंत्राटदाराकडे न जाता अंगणवाडी सेविका आणि आहार समितीची निवडून आलेली महिला सदस्य यांच्या संयुक्त खात्यावर येतो. खरेदी गावातच होते. भाजी ताजी असते, आणि जेवण नीट नसलं तर बाई तिथल्या तिथं तोंडावर सांगते.

अडतं कुठं ते एका पाड्यावर जवळून पाहिलं. सेविकाताईंनी दोन वह्या काढल्या. एक सरकारी, निळ्या पुठ्ठ्याची, तीत रोज जेवलेल्या बायांच्या सह्या नि अंगठे. दुसरी शाळेची चाळीस पानी, तीत वाण्याची उधारी: तूरडाळ, तेल, शेंगदाणे, गूळ. निधीचा हप्ता अडकलेला, सरकारी वहीत मात्र एकही दिवस कोरा नव्हता. शेवटी शेंगदाण्यांपुढची रक्कम खोडून तिथं फुटाणे लिहिलेले होते, कारण वाण्याने शेंगदाणे उधार द्यायचं बंद केलं होतं. वर बसलेल्याला अहवालात 'आहार वाटप अखंड' एवढंच दिसतं. ती अखंडता मानधनावर काम करणाऱ्या एका बाईच्या नावावरच्या उधारीवर चालली होती.

असं होऊ नये म्हणून उपाय अवघड नाही. दोन-तीन महिन्यांचा खर्च आगाऊ, फिरत्या निधीसारखा खात्यावर ठेवावा आणि बिलं आली की तो परत भरावा. सरकारी कार्यालयांत किरकोळ खर्चासाठी अग्रिम असतोच.

मातृवंदना योजनेचे पैसे इतके उशिरा का येतात?

आधी हिशेब. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ ला प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती पहिल्या बाळापुरती, ५००० रुपयांची. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून धरायचे. आपल्या राज्यात त्या योजनेचे संस्थेतल्या बाळंतपणाला ग्रामीण भागात ७००, शहरी भागात ६०० रुपये, तेही ठरावीक गटांना. बेरीज कशी करायची ते ज्याने त्याने ठरवावं. २०२२ पासूनच्या नव्या रचनेत पहिल्या बाळाला ३००० आणि २००० असे दोन हप्ते आहेत, आणि दुसरी मुलगी झाली तर एकरकमी ६०००.

पहिला हप्ता गर्भारपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाली की. दुसरा बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. म्हणजे कागद अगदी वेळेत हलले तरी दुसरा हप्ता गर्भारपणात येऊच शकत नाही; तो बाळंतिणीच्या खाण्यालाही उशिराच पोचतो. त्यात आधारवरचं माहेरचं नाव आणि बँकेतलं सासरचं नाव जुळलं नाही, खातं आधारशी जोडलेलं नाही, फोन नंबर नवऱ्याचा आणि तो बदललेला, असं काही निघालं की फाइल थांबते. गरोदरपणाला मुदतवाढ मिळत नाही, हे त्या संगणक प्रणालीला माहीत नसतं. बाळ रांगायला लागल्यावर पैसे जमा झालेल्या बाया आम्हाला नेहमी भेटतात. पैसा तर मिळाला, पण तो आता पोषणाचा राहिला नाही. त्याचं पत्र्याचं छत होतं किंवा उधारी फिटते.

तमिळनाडू १८,००० रुपये देतं, त्यातला काही भाग पोषणाच्या पिशव्यांच्या रूपात. आपल्या राज्याने रक्कम वाढवावी असं सगळे म्हणतात. मी म्हणेन, आधी नोंदणीच्या दिवशी पहिला हप्ता पाडा, नावांचे घोळ मागून निस्तरा.

रोख द्यावी की जेवण?

बांगलादेशात याची नीट चाचणी झाली. २०१२ ते २०१४ या काळात काही गरीब बायांना फक्त पैसे दिले, काहींना फक्त धान्य, काहींना यांबरोबर पोषणाची नियमित शिकवणी. नुसत्या पैशाने किंवा नुसत्या धान्याने मुलांच्या खुंटण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. पैसे आणि शिकवणी एकत्र मिळाली तिथं खुंटलेल्या मुलांचं प्रमाण ७.३ टक्के अंकांनी घटलं. शिकवणीत सासवांनाही बसवलं होतं, हे विशेष.

आपल्याकडे वस्तीनुसार उत्तर बदलतं. दिघ्यात कोपऱ्यावर दुकान आहे, तिथं रोख चालेल. जिथं आठवडी बाजार दोन तासांच्या वाटेवर, तिथं शिजवलेलं जेवणच बरं.

स्तनपान तर फुकट असतं. त्याला कसला निधी?

फुकट कुणाला? घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणारी बाई बाळंत झाल्यावर महिना-दीड महिन्यात कामाला लागते. न लागली तर दुसरी लागते. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची पगारी रजा संघटित नोकरीतल्या बाईची. तुर्भ्याच्या गोदामात रोजंदारीवर माल निवडणारीला ती लागू होत नाही. सहा महिने निव्वळ स्तनपान द्यायचं तर तिची सहा महिन्यांची मजुरी कुणी तरी भरायला हवी. घरकामाचे दोन-तीन घरांचे पगार धरा आणि त्यापुढं ५००० रुपये ठेवा. निव्वळ स्तनपानाचा खरा खर्च हा आहे आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो ती बाई स्वतः सोसते.

पहिल्या तासात बाळाला छातीशी लावणं, चीक न टाकणं, यासाठी मात्र पैशापेक्षा प्रसूतिकक्षात एक मोकळा हात लागतो. एकाच सिस्टरला चार बाळंतिणी बघायच्या असतील तर भिंतीवरचं पोस्टर काय करणार?

लोहाच्या गोळीऐवजी नवी 'सगळी जीवनसत्त्वं एकत्र' गोळी का देत नाहीत?

तिला एमएमएस म्हणतात. १९९९ साली ठरलेल्या सूत्रात १५ जीवनसत्त्वं आणि खनिजं आहेत. नुसत्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडपेक्षा तिने कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण कमी होतं, असं अनेक देशांतल्या चाचण्यांतून दिसलंय. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. पूर्ण गर्भारपणाच्या १८० गोळ्यांचा खर्च दोन-तीन डॉलर.

भारतात सध्या रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, गरोदरपणात १८० दिवस आणि नंतर १८० दिवस, सोबत कॅल्शियम. कुणी जाहिरात वाचून मनानं गोळी बदलू नये, डॉक्टरांना विचारावं. आणि मळमळ होते म्हणून गोळ्या कोनाड्यात पडून राहतात, हा प्रश्न तीन डॉलरच्या गोळीनेही सुटत नाही. रात्री जेवल्यावर घे, शौच काळी होईल, घाबरू नको, हे सांगायला आशाताई लागते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध पुरत नसेल तर?

मातृदूधपेढी. आशियातली पहिली १९८९ साली आपल्या शेजारी, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दूध तपासणं, पाश्चरीकरण, गोठवून साठवण, यांत यंत्रापेक्षा चोवीस तासांच्या माणसांचा पगार जास्त होतो, म्हणून उद्घाटनं पुष्कळ होतात आणि चालू राहतात त्या थोड्या. घरी परतलेल्या बाळासाठी आशाताईंच्या भेटी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करता येतात हे १९९९ मध्ये दाखवलं. त्यावरून पुढं देशभर कार्यक्रम झाला, आणि एका बाळाच्या सहा-सात भेटींमागे आशाताईला ठरले २५० रुपये. नवी मुंबईत एकदा रिक्षाने इकडून तिकडं गेलं तरी तेवढे होतात.

वीटभट्टीवर गेलेल्या बाईचं काय?

दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडची कातकरी, ठाकूर कुटुंबं भिवंडी, कल्याणच्या भट्ट्यांवर उतरतात ती पावसाच्या तोंडाशी परततात. पैसा पाड्याच्या नावावर येतो आणि बाई भट्टीवर असते. नियमाने तिला जिथं असेल तिथल्या अंगणवाडीतून आहार मिळतो, पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपवर स्थलांतरित म्हणून नोंद करता येते. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि रेशनकार्डाचा फोटो बरोबर ठेवायला सांगा. भट्टीजवळच्या सेविकेला मात्र तिचा शिधा तिच्या पटावरच्या बायांपुरताच आलेला असतो, आणि २०२५ पासून टीएचआर देताना चेहरा ओळखण्याची अटही आली. उचल घेऊन गेलेली बाई दुपारची उठून अंगणवाडीत जाऊ शकते का, हा प्रश्न अ‍ॅपमध्ये नाहीच.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एवढ्या कंपन्या. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशातून, भागणार नाही का?

भागणार नाही, पण उपयोग होईल. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात, आणि कुपोषण निर्मूलन त्या यादीत पहिल्याच कलमात आहे. अडचण मार्चची. वर्ष संपत आलं की फोन येतो, "मॅडम, पाचशे किट वाटायची आहेत, फोटोसाठी बॅनर तयार आहे." किटमध्ये चॉकलेटी पावडरीचा डबा असतोच.

कायद्यात 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं पैसा बांधून ठेवायची सोय आहे. ती वापरा. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या वजनकाट्यांची दुरुस्ती, स्तनपान समुपदेशकाचा पगार, बाळंतिणीला घरी सोडणाऱ्या गाडीचं डिझेल. यांचे फोटो चांगले येत नाहीत, हे मान्य.

पैशाने खरंच फरक पडतो, याचा पुरावा?

पेरूमध्ये २००८ साली पाच वर्षांखालची २८ टक्के मुलं खुंटलेली होती, २०१६ ला १३ टक्के. तिथं अर्थ मंत्रालयाने निधी थेट निकालांशी जोडला आणि गरीब आयांना रोख रक्कम दिली. आपल्याकडे २००५ साली औरंगाबादला राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुंटण्याचं प्रमाण २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २३ वर आलेलं दिसलं. पुढं तोच वेग राहिला नाही.

ग्रामपंचायतीला काही करता येतं का?

हो, आणि विचारलं तर पुष्कळदा ग्रामसेवकच चकित होतात. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या स्वशासनाच्या कायद्याखालच्या, गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. ग्रामसभेत ठराव घ्या: अंगणवाडीला गॅस जोडणी, पाण्याची टाकी, निधी लांबला तर दोन महिन्यांचा किराणा. ठरावात रक्कम आणि महिना दोन्ही लिहा.

मी ठाण्यात राहतो. तुम्हाला देणगी कुठं पाठवू?

आम्ही देणगी घेत नाही. दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या तर कुणालाच वाटू नका. १९९२ च्या कायद्याने अशा वाटपाला मनाई आहे, अनाथालयांचा अपवाद सोडून.

वेळ असेल तर या. बँकेत किंवा पोस्टात नोकरी केलेली माणसं आम्हाला सर्वांत उपयोगी पडतात. आधार-खातं जोडणी, नावातली दुरुस्ती, अडकलेल्या अर्जाचा पाठपुरावा, ही कामं त्यांना झोपेतही येतात. आसनगावपर्यंत लोकल, पुढं जीप. येताना जेवणाचा डबा, काळं पेन आणि स्टॅम्प पॅड आणा, पाड्यावरचं बहुतेक वाळलेलं असतं.